डोंगरातल्या घराचा गिलावा: तिसऱ्या खेपेला जमलेली दुरुस्ती

आमचं घर डोंगरउतारावर आहे. दगडी भिंती, सांध्यांत चुना आणि वर कुणीतरी केव्हातरी चढवलेला सिमेंटचा गिलावा. पाऊस थांबला तरी धुकं भिंतींना लगडलेलंच असतं, आणि उत्तरेकडच्या भिंतीवर तर ऊन जवळजवळ पडतच नाही. तिचे पोपडे सुटायला लागले तेव्हा मी सैल भाग खरवडला, पुट्टी भरली आणि वरून पाणी अडवणारा म्हणून विकला जाणारा जाड रंग दिला. एक पावसाळा भिंत छान दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. एक फुगा टोचला तर आतून पाणी ओघळलं.

मग मी तो गिलावा काढून नवा करून घेतला, तोही सिमेंट वाढवून. जितका कडक तितका टिकाऊ, अशी माझी समजूत होती. हिवाळ्यात दोन-तीन रात्री गोठवणारी थंडी पडली आणि सकाळी अंगणात परातीएवढा तुकडा पडलेला. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेवढं त्या तुकड्याला पुरलं. मी तो उचलून उलटा केला. बाहेरची बाजू कोरडी होती आणि दगडाला चिकटलेली बाजू ओलीचिंब. बाहेरचं पाणी अडवायला मी जे जे केलं, त्याने आतलं पाणी कोंडलं होतं. तो तुकडा हातात धरून मी बराच वेळ उभी होते. खर्चापेक्षा, आपण या घराला दोन वर्षं उगाच त्रास दिला, याचं वाईट जास्त वाटलं.

तिसऱ्या खेपेला एका वयस्कर गवंड्यांना बोलावलं. त्यांनी थापी पिशवीतून काढलीच नाही. आधी घराला दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "ताई, गिलाव्याचं मागाहून बघू. पाणी कुठून शिरतंय ते आधी शोधा."

तीन जागा सापडल्या. छपराच्या पन्हळाचा एक सांधा उघडा होता आणि त्याखाली भिंतीवर काळपट ओघळ होता. खिडकीखालच्या फरशीच्या पोटाला पाणी तोडणारी खाच नव्हती, त्यामुळे थेंब कडेवरून खाली न पडता फरशीच्या पोटाला धरून परत भिंतीकडे यायचा. तिसरी जागा माझीच करणी. भिंतीला लागून मी फुलझाडांचा वाफा केला होता, त्याची माती जोत्याच्या वर गेली होती आणि भिंत ती ओल वर शोषून घेत होती.

पन्हळाचं काम तासाभरात झालं. फरशीच्या खालून, भिंतीपासून जरा पुढे, लांबीभर खाच कापून घेतली. आता थेंब तिथे अडतो, जड होतो आणि सरळ खाली पडतो. वाफा हलवला, माती खाली घेतली, गिलाव्याची खालची कड जमिनीपासून २० सेंमी वर ठेवायचं ठरवलं आणि भिंतीलगत खडीचा पट्टा घातला. मातीवर आपटून उडणारं पाणी केवढा चिखल भिंतीवर मारतं, ते खडी घातल्यावरच कळलं.

मग निकामी गिलावा शोधायचा. लाकडी मूठ घेऊन मी वीतवीतभर अंतरावर भिंत ठोकत गेले. धरलेला गिलावा टणक वाजतो, सुटलेला बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने रेघ. संध्याकाळी पाहिलं तर अर्ध्याहून जास्त भिंत खडूने घेरलेली. तेवढा गिलावा दगडापर्यंत काढला आणि भिंत उघडी ठेवली. पाऊस संपल्यापासून पुढचे कित्येक कोरडे आठवडे ती तशीच होती. अख्ख्या कामात हे थांबणंच सगळ्यात अवघड गेलं. येणारा-जाणारा विचारायचा, काम अडलं का? पण भिंत वाळत होती. दगडांवर पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार, फुटत होता. तो मी कोरड्या ब्रशने झाडून उचलून टाकत राहिले. धुतला असता तर तेच क्षार विरघळून पुन्हा आत गेले असते.

नवा गिलावा चुन्याचा केला. सिमेंट वाईट असतं असं नाही. पण चुन्यात बांधलेल्या भिंतीवर तिच्याहून कडक आणि कमी श्वास घेणारा थर दिला, की ओल अडकते आणि भिंत हलली की तडा जातो. एक भाग चुना, तीन भाग वाळू. वाळूसाठी गवंडीकाकांनी काचेची बरणी मागवली. तीत वाळू आणि पाणी घालून हलवून ठेवलं. खाली वाळू बसली, वर गाळाचा जाड थर. ती वाळू परत पाठवली आणि खरखरीत, धुतलेली आणली. प्रत्येक थराआधी भिंत ओली करायची, नाहीतर कोरडा दगड गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो. पहिल्या थरावर आडव्या-तिरप्या रेघा ओढल्या, म्हणजे दुसरा धरतो. वर ओलं गोणपाट लावलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगडासारखा होतो, पण त्यासाठी थोडा ओलावा लागतो. भर उन्हात किंवा वाऱ्यात तो झटकन वाळला की नुसती भुकटी राहते. गारठा ५ अंशांच्या खाली जायच्या आत सगळं आटोपलं. रंग म्हणून चुन्याचीच पातळ सफेदी चार वेळा दिली.

आता दर पावसाळ्यानंतर मी खडू घेऊन घराला फेरी मारते. शेवाळ नरम ब्रशने काढते. जोराच्या फवाऱ्याने ते लवकर निघतं, पण पाणी भेगांत घुसतं, म्हणून तो वापरत नाही. केसासारख्या बारीक भेगा सफेदीने भरतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली एक भेग मात्र वेगळी आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली आहे. आठ महिने झाले, ती खुणेपुढे गेलेली नाही. आणखी एक पावसाळा बघेन, मगच भरेन.