त्या पुस्तकात रोज काय वाचता?

"बाई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, रोज पहाटे उठून त्याच बायबलमध्ये काय वाचता? जगायला त्याचा काही उपयोग होतो का?" 32 वर्षं स्टाफरूममध्ये मला हे विचारलंत आणि मी दर वेळी विषय बदलला. आता निवृत्त झाले आहे, म्हणून सांगते. कुणाला आमच्यात बोलवायचं नाही, वादही घालायचा नाही.

पण "तुमचं ते विलायती पुस्तक" म्हणता, ते टोचतं. माझी पणजी दुष्काळात अनाथ झाली आणि केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात वाढली. तिच्यासारख्या साध्या बायकांना कळावं म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी त्या काम करत राहिल्या आणि 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. पुस्तक छापून आलं 1924 मध्ये. लेक गेली त्या दिवसांत त्यांच्यापुढे कोणतं पान उघडं असेल, हे माझ्या मनात फार वेळा येतं.

उपयोगाचं विचारलंत, तर आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईचा 22 वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. चौथ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती ओट्यापाशी उभी होती, गॅसवर दूध तापत होतं. मी तिचा हात धरला आणि बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायातलं वचन म्हटलं, देवावर प्रीती करणाऱ्यांच्या बाबतीत सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, ते. मला ते पाठ होतं. माझ्या बायबलमध्ये त्याखाली लाल पेन्सिलची रेघ आहे. तिने हात सोडवून घेतला. दूध वर येत होतं, ते तिला दिसत होतं, पण तिने गॅस बंद केला नाही. दूध उतू गेलं, बर्नर विझला, करपल्याचा वास सुटला. मग ती म्हणाली, "बाई, ह्यात कल्याण कुणाचं?"

मी बटण बंद केलं, फडकं घेतलं आणि ओटा पुसत राहिले. दुसरं काही सुचलंच नाही.

घरी येताना मला तिचाच राग आला होता. हिचा विश्वास कमी पडतोय, असं वाटलं. मी देवाचं वचनच तर सांगितलं, त्यात माझं काय चुकलं? पुढे कित्येक आठवडे मी हेच धरून बसले होते.

मग रोजच्या वाचनात ईयोब आला, बायबलमधला तो नीतिमान माणूस, ज्याची मुलंबाळं आणि सगळं काही गेलं. अलीफज, बिल्दद, सोफर ही त्याच्या मित्रांची नावं मी संडे स्कूलमध्ये मुलांकडून घोकून घेतली होती. ते तिघे येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तेवढंच त्यांना नीट जमलं. नंतर ते जे बोलतात ते सगळं धार्मिकच आहे, तरी शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर होतो. देवालाच जाब विचारणारा ईयोब मात्र योग्य बोलला, असं देव म्हणतो. त्या तिघांच्या शेजारी बसलेली मी मला दिसले. आणि त्याच रोमकरांस पत्रात, चारच अध्याय पुढे, "शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा" असं सरळ लिहिलेलं आहे. तिथे माझी पेन्सिल कधी पोचलीच नव्हती.

त्या 8 व्या अध्यायातल्या वचनाचं काय करायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या दारात ते घेऊन जायचं नाही, असं ठरवलंय. हा शहाणपणा की भित्रेपणा, हेही कळत नाही.

मी पुन्हा तिच्याकडे जाऊ लागले. भाजी निवडायची, गप्प बसायचं, परत यायचं. तिने मला क्षमा केली का, ते मी विचारलेलं नाही. एकदा ती आपणहून म्हणाली, "बाई, वाचा काहीतरी." मी बायबलमधलं 88 वं स्तोत्र काढलं. ते अंधारातच संपतं, पुढे दिलाशाचा एकही शब्द नाही. माझं वाचून झालं तरी ती वाट पाहत होती.

"एवढंच आहे?"

"एवढंच आहे."

तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती ओळ स्वतः वाचली.