चिकातून आलेले जंत

मागच्या वर्षी श्रावणात आमची म्हैस व्याली, रेडी झाली. महिनाभरात रेडीचं पोट घागरीएवढं, केस राठ, शेण पांढुरकं चिखलासारखं आणि तोंडाला खवट लोण्याचा वास. आईचं निदान ठरलेलं: "माती खाल्लीया तिनं. मुसकं बांध आधी." बांधलं. दोन दिवसांनी शेणात वीतभर लांब, पिवळट पांढरा, पेन्सिलीएवढा जाड जंत वळवळताना दिसला, तेव्हा कुठं डॉक्टरांना फोन केला.

"मातीनं नव्हे, चिकातून आलेत हे," डॉक्टर म्हणाले. मला पटेना. चिकासाठी तर आम्ही रेडकाला उचलून कासेला लावतो! उरलेल्याचा खरवस करून गल्लीभर वाटतो. (तो शिजवलेला असतो, म्हणून आपण निवांत.)

या जंताचं नाव टॉक्सोकारा व्हिट्युलोरम. रेडकाच्या लहान आतड्यात तो फूटभर वाढतो आणि शेणातून अंडी पसरतात. ग्रॅमभर शेणात हजारोंनी. अंड्यात अळी तयार झाली की ती चाऱ्याबरोबर म्हशीच्या पोटात जाते. पण मोठ्या जनावरात तिचा जंत होत नाही. आतडं भेदून ती यकृतात, मांसात जाऊन पडून राहते. व्यायच्या सुमारास जागी होऊन कासेत उतरते आणि दुधाबरोबर रेडकाच्या पोटात. तिथं तीन-चार आठवड्यांत तिचा अंडी घालणारा जंत होतो. रेडकू चार-सहा महिन्यांचं झालं की जंत आपसूक पडून जातात, पण तोवर ते जगायला हवं ना.

म्हशीला आम्ही नेमानं जंताची गोळी देत होतो. मांसात दडलेल्या अळीला तिचं फारसं काही वाटत नाही, हे कळलं तेव्हा चिडचिडच झाली. रेडकू दहा ते सोळा दिवसांचं असतानाच औषध पाजायचं. तोवर दुधातून यायचे ते बहुतेक आलेले असतात, पण अंडी घालण्याएवढे झालेले नसतात. आम्ही महिना घालवला आणि गोठाभर अंडी पेरून बसलो.

औषध पाजल्यावर दुसऱ्या दिवशी काठीनं शेण उकरून सतरा जंत मोजले, मग किळस येऊन सोडून दिलं. रेडी वाचली, अंगानं मात्र बारकीच राहिली.

यंदा दिवाळीनंतर म्हैस पुन्हा व्याली. आईनं कालनिर्णयवर बाराव्या दिवसाभोवती गोल काढून ठेवलाय. मुसकंही खुंटीवरच आहे, धुऊन वाळवलेलं.