पुरलेला बैल

गिधाडांवर काम करतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुर्बीण येते. आमचा बराच वेळ जातो तो मेलेल्या गुरांच्या चौकशीत.

म्हसळ्याच्या बाजूला उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी आहेत. जोडीचं वर्षाला एकच अंडं. कोकणात गुरंच कमी झाली, त्यामुळे पिल्लं घरट्यात असताना मेलेलं जनावर मिळणं कठीण. कुणाचं ढोर गेलं की फोन येतो, आम्ही टेम्पो घेऊन जातो आणि ते गिधाडांच्या जागेवर नेऊन टाकतो.

त्या सकाळी एका काकांचा बैल गेला होता. आधी पाय सुजला होता.

"औषध काय दिलं, काका?"

"सुई मारली ना परवा. ताप उतरला, पण उठला नाय तो."

बाटली गोठ्याच्या वाशात खोचलेली होती. लेबल शेणानं माखलेलं. पाण्यानं पुसलं आणि अक्षरं लागली: एसिक्लोफिनॅक.

डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर, त्यानं गिधाडं मरतात म्हणून, जनावरांसाठी २००६ सालीच बंदी आली. पण हे औषध गुराच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, आणि तेव्हा ते दुकानात राजरोस मिळायचं. असं मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं, युरिक आम्ल साचतं. शवविच्छेदनात काळजावर, यकृतावर खडू फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. एका ढोरावर अख्खा थवा उतरतो. म्हणूनच शंभरात एखादंच जनावर असं निघालं तरी जात संपायला पुरतं, हे २००४ मध्येच गणितानं दाखवलं होतं. १९९२ ते २००७ या काळात देशातली ही गिधाडं हजारात एक उरली.

माझा सहकारी म्हणाला, "टोचलेला पाय कापून टाकू, बाकीचा नेऊ. पिल्लं उपाशी आहेत." त्याची तगमग खरी होती. टोचल्या जागी औषध सगळ्यात जास्त असतं, हेही खरं. पण गिधाडं आधी मऊ भाग ओढतात, आणि यकृत-मूत्रपिंडातही ते उतरलेलं असतं. मी नाही म्हटलं. यकृताचा तुकडा बर्फाच्या डब्यात घेतला, जेसीबी बोलावला, बैल पुरला.

काका चिडले. "दुकानात मिळतं, डॉक्टर टोचतो. मग त्यात विष आहे हे आम्ही कसं ओळखायचं?" त्यांची काहीच चूक नव्हती. टोचणारा गृहस्थ पशुवैद्यही नव्हता. सरकारी दवाखाना लांब आणि तिथली जागा रिकामी, तर शेतकऱ्यानं कुणाला बोलवावं? मेलॉक्झिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना चालतं, गुराचा तापही उतरवतं. दुकानदारानं ते पुढे केलं असतं तर काम भागलं असतं.

वरिष्ठांना मात्र त्या महिन्यात ढोरं कमी का टाकली, याचं उत्तर हवं होतं. टाकलेली ढोरं अहवालात मोजली जातात. न टाकलेल्याला रकानाच नाही, आणि माझ्या मते हे चूक आहे. गिधाडं वाचवण्याचं निम्मं काम त्याच रकान्यात आहे.

एसिक्लोफिनॅकवर बंदी आली २०२३ मध्ये. काकांना सांगायला मी मुद्दाम गेले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं. पण त्यांच्याकडून फोन आजही येत नाही.