सहाच्या सत्तावीस पिशव्या

जर्मनीत लहान मुलांच्या बर्थडेचा एक अलिखित नियम आहे, मूल जितक्या वर्षांचं तितके पाहुणे. पाचव्याला पाच, सहाव्याला सहा. दुपारी तीनला येतात, केक खातात, खेळतात आणि सहाला आईबाप न्यायला आले की जाताना प्रत्येकाच्या हातात एक छोटी कागदी पिशवी, तिला मिटगेबझेल म्हणतात, म्हणजे बरोबर द्यायचं काहीबाही. आपल्याकडे रिटर्न गिफ्ट म्हणतात तेच पण त्याहून बारीक, दोन स्टिकर, एक खोडरबर, साबणाच्या फुग्यांची बाटली, चार गमी बेअर. मुलं केकपेक्षा त्याच पिशवीवर डोळा ठेवून असतात हे मी न्यूर्नबर्गला इतकी वर्षं बघतेय.

तर यंदा लेकीचा सहावा वाढदिवस नेमका आम्ही सुट्टीवर गावी असताना आला, तेही कानबाईच्या आदल्या दिवशी. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई देवी घरोघरी बसते आणि त्यासाठी सुरत, पुणे, नाशिक जिथे कुठे भाऊबंद असतील तिथून घरी येतात, दिवाळीला एकवेळ येणार नाहीत पण कानबाईला येतील. मी मात्र बॅगेत तिकडून छान छापील सहा पिशव्या आणि गमी बेअरचं मोठं पाकीट घेऊन आलेले, फुल तयारीत.

आजीनं पिशव्या बघितल्या, मोजल्या आणि म्हणाली, "सहाच? बाकीना पोरेसनी काय पाप करं?"

मग मोजदाद सुरू झाली. काकांची चार, आत्याची दोन, सुरतवाल्यांची पाच, गल्लीतली, समोरच्या घरातली, दूधवाल्याचा नातू जो रोज येतोच, असं करत आकडा सत्तावीसवर गेला आणि तोही मी आवरलं म्हणून. आणि गमी बेअर बादच झाले, कारण पाकिटामागे बारीक अक्षरात डुकराचं जिलेटिन लिहिलेलं. तिकडे व्हेज गमी पण मिळतात हो, घाईत मीच बघितलं नाही. ऐन श्रावणात, दारात कानबाई असताना! पाकीट गपचूप बॅगेच्या तळाशी गेलं.

मी म्हटलं पिशव्या घरीच करू, यूट्यूबवर बघून. आजी म्हणे त्यात काय बघायचं. आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की लग्नानंतर बरीच वर्षं आजी रद्दीच्या पिशव्या करून शेकड्यावर किराणा दुकानदाराला द्यायची. एवढी वर्षं मला कुणी बोललं नव्हतं!

रद्दीला मी नको म्हटलं, छपाईच्या शाईत खायचं ठेवायला नको, म्हणून वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागद आणला. एका मोठ्या कागदात दोन पिशव्या. फेविकॉल होतं घरात, पण आजीनं खळच केली, दोन चमचे मैदा, कपभर पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, दुधी रंग जाऊन काचेसारखी चकाकी आली की उतरवायची. पूर्वी म्हणे चिमूटभर मोरचूद टाकायचे, किडे लागू नयेत म्हणून, पण ते विष, पोरांच्या पिशवीला नाही.

आणि मग तिचे हात. कागद आडवा, दोन्ही कडा मधे आणून बोटभर एकावर एक, खळीचं एक बोट सर्रकन, झाली नळी. बाजूच्या चुण्या आत दाबल्या, तळाचा भाग वर दुमडला, तो पाकळीसारखा उघडला, खालची पाकळी वर, वरची खाली, मधे एकमेकीवर चढवून चिकटवायची. प्रत्येक घडीवर अंगठ्याचं नख फिरायचं, पट्टी नाही, पेन्सिलीची खूण नाही, आणि सगळ्या पिशव्या एका मापाच्या. माझी एक होईपर्यंत तिच्या चार. मी मोठ्या कौतुकानं विचारलं, आजी तुला हौस होती का गं याची?

"हौस कसानी व माय, पैसा भेटेत म्हनीसन करूत." आणि थोडं थांबून, "पन्नी उनी तवय सुटनू."

म्हणजे मी तिकडे सस्टेनेबल म्हणून मिरवते, लोकांना फोटो दाखवते, आणि जिनं खरंच केलं ती प्लॅस्टिक आलं तेव्हा सुटले म्हणते. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकबंदी झाली तेव्हा दुकानदारानं परत विचारलेलं म्हणे, आजी करशील का, तर हात दुखतात म्हणून तिनं चक्क नाही सांगितलं. यावर काय बोलणार, मी गप खळ लावत बसले.

कडीला केळीच्या सोपटाचा दोर, हारवाला वापरतो तोच, आमच्याकडे केळीला काय तोटा. ओला असताना गाठ मस्त बसते, वाळला की कट्कन तुटतो, म्हणून पाण्यात भिजवून ठेवलेला.

आता माझा घोळ. श्रावणातली हवा, रात्री सगळ्या पिशव्या पंख्याखाली ठेवल्या, सकाळी बघते तर नऊ पिशव्यांचे तळ उघडे. नऊच्या नऊ माझ्या, आजीची एकही नाही. मी मधली पाकळी अर्ध्या बोटानंच चढवलेली. मग परत खळ आणि वरून चुलतभावाची हलकी इस्त्री, त्यानं पटकन वाळतं हे मात्र आजीला पण माहीत नव्हतं.

भरलं काय तर राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, पेन्सिल, स्टिकर आणि केळीचे वेफर्स. वेफर्स मी सुटेच टाकले. संध्याकाळी केक कापेपर्यंत सगळ्या पिशव्यांवर तेलाचे डाग, लेकीनं त्या डागांना डोळे काढून अस्वलं केली आणि पोरांना वाटलं डिझाइनच तसं आहे. दूधवाल्याच्या नातवानं दोन मागितल्या, एक अस्वलाची आणि एक खायची. सत्तावीस कुठल्या पुरतायत, शेवटी त्या सहा छापील पण काढाव्या लागल्या, त्यातल्या पाच गेल्या.

दुसऱ्या दिवशी कानबाईच्या प्रसादाचे रोट. ते आमच्याकडे फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, तर लेक विचारते आज पिशव्या का नाही करायच्या.

परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं, उरलेली ती सहावी जर्मन पिशवी आजीच्या खाटेजवळ खिळ्याला टांगलेली, आत बीपीच्या गोळ्या. म्हटलं खाकीतली एखादी ठेवायची ना, तर म्हणे ती काय, कधीपण होते.