विरजणाचा हिशेब

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी सलग तीन दिवस दही लागले नाही. नागपूरच्या थंडीत दह्याला वेळ लागतोच, म्हणून पहिल्या दिवशी आईने हवेला दोष दिला आणि दुसऱ्या रात्री पातेले जुन्या स्वेटरात गुंडाळून कणकेच्या डब्यात ठेवले. पण तिसऱ्या सकाळीही दूध जसेच्या तसे आणि तळाशी विरजणाचा तेवढाच एक गोळा. दूध घालणाऱ्या दादांना विचारल्यावर उलगडा झाला. त्यांच्या म्हशीला कासदाह झाला होता, प्रतिजैविकाची इंजेक्शने चालू होती, आणि अशा वेळी वेगळे काढायचे दूध आमच्या भांड्यात आले होते. दह्यातील जिवाणू पेनिसिलिनसारख्या औषधांपुढे फार नाजूक असतात. दुधात औषधाचा अंश आहे का हे शोधण्याच्या काही चाचण्या तर एखाद्या नाजूक जिवाणूची वाढ थांबते का, यावरच बेतलेल्या आहेत. आमच्या पातेल्याने तीच चाचणी फुकटात करून दिली, मात्र त्या खटाटोपात कित्येक वर्षे चालत आलेले विरजण गेले.

विरजण लावणे म्हणजे कालची वस्ती आजच्या अन्नावर सोडणे. बल्गेरियाच्या स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये तिकडच्या दह्यात जो लांबट जिवाणू शोधला, तो लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. गोलसर स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा त्याचा जोडीदार. पहिला दुधातील प्रथिने तोडून अमिनो आम्ले मोकळी करतो, दुसरा त्याला फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड पुरवतो, आणि दोघे मिळून दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. सामू, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा (आम्ल वाढले की तो उतरतो), ४.६ च्या आसपास आला की केसीन हे दुधातील प्रथिन थिजते. घरगुती विरजणात याखेरीज आणखी कोण कोण नांदते हे घरोघरी बदलते, त्यामुळे दोन शेजारणींच्या दह्याची चव सहसा एक नसते.

हेच लॅक्टिक आम्ल काटोलजवळ राहणाऱ्या माझ्या मामांच्या गाईच्या जिवावर उठले होते. गावात लग्न झाले आणि उरलेला भात व पुऱ्या कुणीतरी प्रेमाने घमेले भरून तिच्यापुढे ठेवल्या. सकाळी गाय मान खाली घालून उभी, रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस वासाचे. खरे तर गाईला कडबा स्वतःच्या बळावर पचवताच येत नाही, कारण सेल्युलोज तोडणारी विकरे तिचे शरीर तयार करत नाही. शंभर लिटरहून मोठ्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमानात, प्राणवायूवाचून राहणारे जिवाणू, आदिजीव आणि बुरशी ते काम करतात. त्यातून निघणाऱ्या मेदाम्लांवर गाय जगते आणि तयार झालेला मिथेन ढेकरांवाटे बाहेर टाकते. भातासारखे पिष्टमय अन्न एकदम आले की त्यावर झपाट्याने वाढणारे स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिससारखे जिवाणू माजतात, लॅक्टिक आम्ल साचते, आणि सामू साडेपाचाच्या खाली घसरला की कडबा पचवणाऱ्यांचा टिकाव लागत नाही. दही लागते तीच ही क्रिया, फक्त भांडे जिवंत.

पशुवैद्यांनी आधी खाण्याच्या सोड्याचे पाणी पाजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या धडधाकट बैलाच्या घशातून नळी घालून कोटीपोटातील तीन-चार लिटर हिरवट, फेसाळ द्रव काढला, धोतराच्या फडक्यातून गाळला आणि थंड होऊ न देता गाईला पाजला. मामा बघत होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे तं विरजनच झालं नं जी!" दोन दिवसांनी गाय रवंथ करू लागली.

माणसांतही हा उपाय चालतो, हे ऐकून पुष्कळांना किळस येते. प्रतिजैविकांनी आतड्यातील नेहमीची वस्ती उजाड झाली की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू तिथे बस्तान मांडतो आणि पुन्हा पुन्हा जुलाब लावतो. अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू देण्याचा उपचार २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत नेहमीच्या औषधापेक्षा इतका सरस ठरला की ती चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात हा आकडा मात्र आता सोडून द्यावा; २०१६ च्या अंदाजाप्रमाणे ३० लाख कोटी पेशींमागे ३८ लाख कोटी जिवाणू, म्हणजे जवळपास बरोबरी, आणि त्यांचे एकूण वजन सुमारे २०० ग्रॅम. दह्यातील वर सांगितलेली जोडी आतड्यात कायमचे घर करत नाही, ती पाहुण्यासारखी येऊन जाते. दही रोज खावे ते आवडते म्हणून. बाटलीबंद प्रोबायोटिकच्या जाहिरातींवर माझा फारसा विश्वास नाही.

मामांचे वाक्य मला नागपूरच्या भांडेवाडीतही आठवते. शहराचे सांडपाणी तिथे शुद्ध होते आणि त्यातील बरेचसे कोराडीच्या वीज केंद्राला जाते. सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंकरवी घाण खाववायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि त्यातला काही पुढच्या पाण्यासाठी राखून ठेवायचा, ही रीत आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये मांडली. राखलेला गाळ म्हणजे सांडपाण्याचे विरजणच. कारखान्यातून एखादे विषारी रसायन वाहत आले तर हे विरजणही 'लागत' नाही, आणि वस्ती पुन्हा जमायला कित्येक दिवस जातात.

शेतात तर हे उघडच चालते. मामा सोयाबीन पेरण्याआधी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत गुळाच्या पाण्यात कालवून चोळतात आणि बियाणे सावलीत सुकवतात. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने त्यांनी एक रोप हलक्या हाताने उपटले, मुळावरची गाठ नखाने फोडली आणि माझ्यापुढे धरली. आतून ती गुलाबी होती. तो रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा असतो आणि गाठ हवेतील नत्र बांधते आहे याची ती खूण. युरिया जास्त झाला की गाठी कमी धरतात.

आम्ही नवे विरजण शेजारच्या काकूंकडून आणले. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत म्हणून त्यांनी सकाळी बोलावले आणि स्टीलची वाटी रिकामी परत करू नका, असेही बजावले. त्यांचे दही चमच्याला किंचित तार धरते, आमचे धरत नसे. दोन महिने झाले तरी तार कायम आहे आणि आईच्या मते आपले दही अजून घरी आलेले नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला की या वाटीत कोण तगते, ते पाहायचे आहे.