तुम्ही विचारलंत म्हणून: दुखापतीनंतर जगायचे कशासाठी?

मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर जगण्याला अर्थ कसा सापडला, असे मला नेहमी विचारले जाते. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा नुकत्याच अंथरुणाला खिळलेल्या कोणाची तरी आई, पत्नी किंवा भाऊ असते, म्हणून वरवरचे उत्तर देणे मला जमत नाही.

अकरा वर्षांपूर्वी उंचावरून पडून माझा छातीचा दहावा मणका मोडला आणि बेंबीच्या खालची संवेदना व हालचाल गेली. पहिले दीड वर्ष मी अर्थ वगैरे काहीही शोधत नव्हतो. पाय कधी हलतील, एवढेच विचारत होतो. इच्छाशक्ती असेल तर सगळे शक्य आहे, असे येणारा प्रत्येक जण सांगत असे. मज्जारज्जूचे तुटलेले तंतू इच्छाशक्तीने जुळत नाहीत. पण ते जुळत नाहीत म्हणजे आपणच कुठेतरी कमी पडतो आहोत, असे मला वाटू लागले होते. रुग्णाशी काय बोलू नये हे घरच्यांना कळावे, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

एकदा तपासणीसाठी गेलो असताना माझ्या फिजिओथेरपिस्टने एका नव्या रुग्णाशी बोलायला सांगितले. तो बावीस वर्षांचा होता. धीराची चार वाक्ये मी मनात जुळवून गेलो होतो. त्याने मात्र आई खोलीबाहेर जाईपर्यंत वाट पाहिली आणि हळूच विचारले, "दादा, लघवीचं काय करता तुम्ही?" मी व्हीलचेअरला अडकवलेली पिशवी उघडून कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, त्याच्या हातात दिला. दर चार ते सहा तासांनी हात स्वच्छ धुऊन तो कसा घालायचा, पाणी किती आणि केव्हा प्यायचे, प्रवासात काय करायचे, हे सगळे सांगितले. ती नळी बोटांत फिरवत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बाहेर जाता येतं." त्या दिवशी घरी परतताना, जे शिकताना मला स्वतःची लाज वाटली होती तेच कोणाच्या तरी उपयोगी पडले, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

या दुखापतीत अशा लहानसहान गोष्टींकडे दुर्लक्ष झाले तर जीवही जाऊ शकतो. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये काम सुरू केले, त्याआधी असे बहुसंख्य रुग्ण बेडसोअर (सतत एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत असत. गुटमन यांनी रुग्णांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवण्याची शिस्त लावली आणि त्याच रुग्णांच्या हाती काम व खेळ दिले. 1948 मध्ये सोळा जखमी सैनिक स्त्री-पुरुषांनी तिथे तिरंदाजीची स्पर्धा खेळली; पॅरालिंपिकचे मूळ त्या स्पर्धेत आहे. कूस बदलणे आणि हाताला काम मिळणे हे एकाच उपचाराचे भाग आहेत, असे मला मनापासून वाटते.

आता मी आठवड्यातून दोन दिवस नव्या रुग्णांना भेटतो. बसल्या जागी दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलायचे, टाचा आणि बैठकीची जागा रोज आरशात पाहायची, असेच आमचे बोलणे असते. कोणाला बोलायचे नसेल तर मी नुसता शेजारी बसतो.

छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर दुखापत असेल, तर मूत्राशय तुंबल्यानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक चढतो, डोके ठणकते आणि चेहऱ्यावर घाम फुटतो. माझी दुखापत खालची असल्यामुळे मला स्वतःला याची सहसा भीती नाही, तरी ही लक्षणे मी पाठ केली आहेत. एका रात्री दोन वाजता एका आईचा फोन आला. मुलाला ताठ बसवायला, कपडे सैल करायला, नळी तपासायला आणि कोणाला तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायला लावायला मी सांगितले. नळी त्याच्या मांडीखाली मुडपली होती. ती सरळ करताच लघवीची पिशवी भरू लागल्याचे तिने मला फोनवरच सांगितले. रात्री मी माझा फोन उशाशी सुरूच ठेवतो.