कालवणात बटाटा आणि पाकिटात ७२०० रुपये

मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली, नवरा तिथल्याच नौपाड्यातला. आमच्या घरी म्हावरं नसेल तर जेवण झालं असं कुणी धरत नाही, आणि त्याच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीत शेगडी मांडून उकडतात. हनिमूनला अंदमान ठरलं तेव्हाच दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांकडे बघून घेतलं होतं.

लग्नाच्या खर्चानंतर हातात फार काही उरलं नव्हतं. विमान, बोटी आणि खोल्यांचे पैसे भरल्यावर जेवणाचं एक वेगळं पाकीट केलं. सहा दिवस, दोघांत मिळून रोजचे १२००. नाश्ता खोलीच्या भाड्यातच होता. शिवाय सासूबाईंनी बेसनाचे लाडू दिले होते, ते दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी संपवले.

पहिल्या रात्री हॅवलॉकला आमच्याच रिसॉर्टमध्ये जेवलो. (२०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण जेट्टीवर जो तो हॅवलॉकच म्हणतो.) पनीर, दोन रोट्या, एक तळलेली तुकडी, आणि बिल तेराशेच्या वर. तुकडी कालची होती. मी दाताखाली घेतल्याबरोबर सांगितलं, नवऱ्यानं विश्वास ठेवला नाही. वेटर मात्र नजर चुकवून पाणी ओतत राहिला. वर विचारतो कसा, उद्या वाळूत कॅन्डललाइट डिनर लावू का, ४५०० फक्त. वारा इतका होता की मेणबत्ती पेटली असती तर मी स्वतः बक्षीस दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाड्याची स्कूटर काढली. ह्या बेटावरची गावं नंबरानं ओळखली जातात. जेट्टी एक नंबरला, राधानगरचा किनारा सातला आणि बाजार तीन नंबरला, म्हणजे गोविंदनगरला. इथली पुष्कळ कुटुंबं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेली, त्यामुळे बाजारातली खाणावळ म्हणजे चक्क बंगाली भाताचं हॉटेल. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाक, स्टीलचं ताट. माशाची थाळी २३० ला, भाज्यांची त्याहून स्वस्त, भात हवा तेवढा. मालकीणबाई डाव घेऊन बाकांमधून फिरत असायच्या आणि ताटात पांढरं काही दिसेनासं झालं की न विचारता वाढायच्या. माझ्या आजीची हीच पद्धत.

आता कालवण. चारी बाजूंनी समुद्र आणि ताटात आला रुई मासा, गोड्या पाण्यातला! त्यात मोहरीच्या तेलाचा वास, हळदीचा पातळ रस्सा, आणि मधोमध बटाट्याच्या दोन लांब फोडी. कालवणात बटाटा. मी आईला फोटो पाठवला. तिनं उलट विचारलं, "मासे कमी पडले काय गं त्यांना?" तिसऱ्या दिवशी मात्र मी फोड रश्श्यात कुस्करून भाताला लावत होते. नवरा डाळ, आलूभाजा आणि टोमॅटोची गोड चटणी ह्यांवर इतका खूश, की मला काटे काढायला निवांत वेळ मिळायचा.

अंदमानच्या जेवणाचं खरं गणित सूर्यावर आहे. बेटं इतकी पूर्वेला आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. सहाला मिट्ट काळोख, सातला पोटात कावळे. आठ वाजेपर्यंत थांबलात तर मधल्या वेळात वेफर आणि कॉफीवरच दोनशे जातात. आम्ही दुपारी अडीचला पोटभर भात आणि रात्री साताला हलकं असं ठरवून टाकलं. मधे शहाळं. त्यात रोजचे थोडे वाचायला लागले आणि ते एका रात्रीसाठी बाजूला ठेवले.

त्या रात्री रस्त्याकडेच्या एका झोपडीवजा हॉटेलात बर्फावर मासे मांडले होते. नवरा मेन्यू कार्ड मागत होता, मी कल्ले उघडत होते. सुरमईचे डोळे बसलेले, ती सोडली. तांबोशी लालभडक कल्ल्यांची, अंग दाबलं तर लगेच वर येणारं. तिथले पोरगे तिला रेड स्नॅपर म्हणत होते. ह्या ठिकाणी भाव वजनावर असतो, तेव्हा काट्यावर ठेवायला लावा आणि आकडा स्वतः वाचा. साफ केल्यावरच्या वजनाचे पैसे, हे आधी बोलून घ्या. मी बोलून घेतलं. पाऊण किलो, अर्धी निखाऱ्यावर, अर्धी रश्श्यात. पोरगा म्हणाला, "दीदी, आपका दुकान है क्या?"

गुरुवारी आम्ही नीलला होतो, आणि तो मार्गशीर्षातला गुरुवार. आईचा फोन सकाळी सहालाच आला. पण नील, म्हणजे आताचं शहीद द्वीप, भाजीपाला पिकवणारं बेट म्हणूनच ओळखलं जातं. पोपटी दुधी, कोवळी वांगी, वर गरम भात. नवरा दिवसभर विजयी चेहऱ्यानं फिरला.

शेवटचा दिवस पोर्ट ब्लेअर, आता श्री विजयपुरम. सेल्युलर जेलमधला कोलू बघितला, सावरकरांची कोठडी बघितली, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ दोघांनाही भूक लागली नाही. मग अबर्डीन बाजारात डोसा खाल्ला, न बोलता.

पाकिटात ४१० रुपये उरले होते. घरी आल्यावर पहिल्या रविवारी माहेरी मीच कालवण केलं आणि हळूच दोन बटाटे सोडले. आई काही बोलली नाही. वाढताना तेवढे वेचून माझ्या ताटात टाकले.